बिऱ्हाड गुहागरला: एक लॅब, दोन मांजरं आणि तीन फुटी फिशटँक

खाडीपार (धागाकर्ता)
मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ठाण्याहून गुहागर तालुक्यात कायमचं राहायला जायचंय. घर जुनं, कौलारू, पुढे पडवी, मागे परसू, विहीर घरची. समुद्र दहा मिनिटांवर. सोबत पाच वर्षांचा लॅब (लॅब्रॅडोर कुत्रा), नसबंदी झालेल्या दोन मांजरी (आजवर फ्लॅटबाहेर पाऊल नाही) आणि तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंचीचा फिशटँक. त्यात गप्पी, मॉली आणि थोडे टेट्रा आहेत. हातात सात आठवडे आहेत. रेल्वे की गाडी, लसी कुठल्या, घरात आधी काय करून घ्यायचं, सगळंच सांगा. 'जनावरं काय, रुळतात आपोआप' हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो सोडून. :)

घाटवाट
आधी तारीख बदलता येते का बघा. मेअखेर म्हणजे उकाडा शिगेला, वळवाचा गडगडाट, आणि आठ-पंधरा दिवसांत पाऊस सुरू. जनावराला नवं घर कळायच्या आत चहूकडे चिखल आणि रात्रीची लाईट गुल. मेचा पहिला आठवडा त्यापेक्षा बरा, ऑक्टोबरनंतर सगळ्यात उत्तम. गणपतीच्या तोंडावर मात्र चुकूनही नको. त्या दिवसांत मुंबई-गोवा हायवेवर अवजड वाहनांना बंदी लागते, मग सामान एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे.

रेल्वेचा नियम सरळ आहे. कुत्रा सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन अख्खी आपल्या नावावर हवी. टू टायर, थ्री टायर, चेअर कार, स्लीपर यांत चालत नाही, म्हणजे जनशताब्दी आणि वंदे भारत बाद. कूपे मिळाला की नाही हे चार्ट लागल्यावरच कळतं. दुसरा मार्ग पार्सल ऑफिसातून बुकिंग करून गार्डाच्या डब्यातल्या पेटीतून. लॅबला ती पेटी अपुरी पडते, मेमध्ये आत भट्टी असते, आणि चिपळूणला गाडी जेमतेम थांबते तेवढ्यात धावत जाऊन कुत्रा उतरवून घ्यायचा. माझ्या मते तुमच्या बाबतीत रेल्वे विसरा.

खाडीपार
तारीख ओढून १० मेच्या आसपास आणता येईल. गाडी स्वतःची आहे, सामानाचा टेम्पो वेगळा.

घाटवाट
मग असं करा. टेम्पो आदल्या दिवशी घरच्या एका माणसासोबत पुढे पाठवा. जनावरं दुसऱ्या दिवशी, ठाण्यातलं घर रिकामं झाल्यावर शेवटची निघतील. हमाल वर-खाली करत असतात, दार सताड उघडं असतं, मांजर पळतं ते नेमकं याच वेळी. सामान भरायच्या दिवशी मांजरी न्हाणीघरात बंद, दारावर कागद चिकटवायचा: 'उघडू नये'.

निघायचं पहाटे चारला, आठवड्याच्या मधल्या वारी. शुक्रवार रात्र आणि शनिवार सकाळ टाळा, इंदापूर-माणगावात गाडी रखडली की एसी चालू ठेवूनही लॅब धापा टाकायला लागतो. कशेडीला बोगद्यातून जा, जुन्या घाटाची वळणं वाचतात आणि उलट्याही. चिपळूणहून गुहागरचा रस्ता मात्र वळणावळणाचाच आहे, तिथे वेग कमी. दापोलीमार्गे दाभोळ-धोपावे जंगलजेट्टीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) जायचा मोह होईल, पण नव्या जनावराला इंजिनाचा तो आवाज आणि लोखंडी फळीचा दणका पहिल्याच दिवशी नको. गेलातच तर कुत्रा गाडीत, काचा अर्ध्या खाली, शेजारी माणूस.

लॅबला निघण्याआधी सहा तास जेवण नाही. पाणी मात्र तोडायचं नाही, दर दोन तासांनी थांबून थोडं थोडं. पट्टा लावल्याशिवाय गाडीचं दार उघडायचं नाही. बाहेर ३२ अंश असताना बंद उभ्या गाडीत दहा मिनिटांत ४० च्या पुढे जातं, तेव्हा 'जरा चहा घेऊन येतो' हा प्रकार एकट्याएकट्याने करायचा.

मनीमाऊ_कोकण
मांजरींसाठी दोन स्वतंत्र पिंजरे. एकत्र राहणाऱ्या मांजरीसुद्धा घाबरल्या की एकमेकींवर उलटतात. कडक प्लास्टिकचा, वरूनही उघडणारा पिंजरा घ्या, मांजर आत उभं राहून वळेल एवढा. कापडी बॅगेची चेन मांजर नखाने सरकवतं. पिंजरा आजच आणून उघडा ठेवा आणि जेवण त्यातच द्या. तीन आठवड्यांत ती झोपायची जागा होते. तळाशी शोषणारा पॅड, वर त्यांच्या वासाचं न धुतलेलं फडकं. गाडीत पुढच्या सीटच्या मागे खाली जमिनीवर, वरून सुती पंचा. वाटेत पिंजरा उघडायचा नाही, कितीही ओरडली तरी. सहा-सात तास शी-शू रोखून धरतं मांजर, त्याची काळजी नको.

आता घर, कारण कौलारू घर म्हणजे मांजराच्या दृष्टीने वरून उघडा डबा. भिंतीचा माथा आणि कौलांच्या मध्ये वळचणीला चार ते आठ इंच फट असते. मांजरी माळ्यावर चढतील, वाशांवरून त्या फटीतून बाहेर पडतील, आणि परका मुलूख म्हटल्यावर उतरून कुठल्यातरी गडग्यात (दगड रचून केलेल्या कुंपणात) शिरतील. सगळं घर बंद करायची गरज नाही. एक खोली निवडा, जिला वर माळ्याची फळी किंवा सिलिंग आहे आणि खिडकीला जाळी आहे. फळ्यांतल्या फटी, माळ्याचं भोक, न्हाणीघराची मोरी हे सगळं त्या खोलीपुरतं बुजवा. त्यात दोघींचं बस्तान किमान दोन आठवडे. लिटर (शी-शूच्या ट्रेमधली माती) जुनंच, ब्रँड बदलू नका, आणि जुन्या ट्रेमधली मूठभर वापरलेली माती नव्यात मिसळा.

जांभा
जाळीबद्दल भर घालतो. एक इंची वेल्डमेश घ्या, पण साधी जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) नको. समुद्र दहा मिनिटांवर म्हणजे खारं वारं आहे, दोन पावसाळ्यांत सांध्यांना गंज धरून हाताने तुटते. पीव्हीसी कोटिंगची किंवा स्टेनलेस. नायलॉनची तर वानरं फाडतात. जाळी भिंतीच्या माथ्यावरून वाशांच्या खालच्या अंगाला पट्टी मारून घ्या, कौलांना अडकवू नका. कारण वानरं कौलांवरून उड्या मारतात, कौल सरकतं, आणि जिथे काल फट नव्हती तिथे आज मांजर बाहेर. सुतार चौकटी-दाराचं काम करतो, हे काम तो टाळाटाळ करत करतो. एप्रिलमध्ये तसंही घरशाकारणीला (कौलं काढून नीट बसवायला) माणसं चढतातच, तेव्हाच करून घ्या.

विहिरीला कठडा आहे का? नसेल किंवा गुडघ्याएवढा असेल तर लॅबसाठी तो धोका आहे, पाण्याचा वास आला की तो वाकणारच. लोखंडी चौकट आणि जाळीचं झाकण, रहाटापुरती झडप.

गोठाडॉक्टर
१० मे धरली तरी पाचेक आठवडे आहेत म्हणून लसींचा क्रम जमतो, नाहीतर लोक निघायच्या आठवड्यात येतात.

लॅब: रेबीजचा वार्षिक डोस झालाय ना, तारीख बघा. लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) सगळ्यात महत्त्वाचं. सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वनमध्ये लेप्टोचा भाग असतो, फाइव्ह-इन-वनमध्ये बहुधा नसतो, पुस्तकातलं स्टिकर वाचून खात्री करा. आधी कधी घेतलेली नसेल तर दोन डोस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, आणि दुसऱ्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी खरं संरक्षण. म्हणजे पहिला डोस याच आठवड्यात. भातखाचरातलं साचलेलं पाणी, उंदरांचं मूत, पायाला जखम, एवढं पुरतं. कोकणात लेप्टो माणसांनाही होतो, त्यामुळे आजारी कुत्र्याचं मूत उघड्या हाताने पुसायचं नाही. दरवर्षी पावसाआधी पुन्हा डोस.

मांजरी: रेबीज आणि ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस). घरातल्या असल्या तरी.

गोचीड: गोचिडांतून बेबेसिया आणि एर्लिकिया हे रक्ताचे आजार येतात. ताप, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या, लघवी चहाच्या रंगाची, असं दिसलं की त्याच दिवशी रक्त तपासा. महिन्याची गोळी किंवा मानेवरचे थेंब निघण्याआधी आठवडाभर सुरू करा. आता ठळक अक्षरांत: कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावू नका. झटके येऊन मरतं. शेजारच्या गोठ्यात गुरांवर मारायचं गोचिडांचं औषध असतं, कोणीतरी प्रेमाने 'थोडं लावून बघा' म्हणेल. तेही मांजरांना वर्ज्य. कुत्र्याला लावलं असेल तर ते सुकेपर्यंत मांजर लांब. पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला विष आहे, अर्धीसुद्धा.

(दोडामार्ग-सावंतवाडीकडे कोणी जाणार असेल तर २०१६ पासून तिथे माकडतापाच्या साथी आल्या आहेत. कुत्रा रानातून घरात गोचीड आणतो, त्यामुळे गोचीडबंदोबस्त तिथे घरातल्या माणसांसाठीही.)

मनीमाऊ_कोकण
प्रवासात झोपेची गोळी द्यावी का, हेही सांगा डॉक्टर. सगळे मेडिकलमधून काहीतरी आणतात.

गोठाडॉक्टर
नको. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, उकाड्यात शरीराचं तापमान सांभाळता येत नाही, आणि जनावर शांत दिसतं पण भीती तशीच असते. गाडी लागत असेल तर मॅरोपिटंट आहे, निघण्याआधी तास-दोन तास. फारच ओरडणाऱ्या मांजराला डॉक्टर गॅबापेंटिन देतात, पण वजन बघून आणि आधी एकदा घरीच देऊन पाहून. प्रवासाच्या पहाटे पहिल्यांदा देऊ नका. माणसांसाठीचं गॅबापेंटिनचं पातळ औषध तर अजिबात नको, काहींत झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला मारतं.

लॅबला ऊन लागल्याची खूण: थांबत नाही अशी धाप, लाळ घट्ट, हिरड्या गडद लाल, चाल झोकांडत. गुदमार्गे थर्मामीटरवर ३८ ते ३९.२ साधारण ठीक, ४१ म्हणजे जिवाशी गाठ. पोटावर, मांड्यांच्या आतून साधं पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ नको. ३९.५ ला आलं की थांबवा, नाहीतर उलटं खाली घसरतं. मग दवाखाना.

पाखाडी
दवाखान्यावरून. गावातला सरकारी गुरांचा दवाखाना बहुतेक वेळा पशुधन पर्यवेक्षक (पूर्ण पशुवैद्य नव्हे) चालवतो आणि सवय गाई-म्हशींची. मांजराला सलाइन लावणारा माणूस चिपळूण किंवा रत्नागिरीत गाठावा लागेल. जायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचारून ठेवा: रक्ततपासणीचं यंत्र आहे का, रात्री कोण उचलतं, सापाचं औषध ठेवता का. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे, मोबाइलमध्ये ठेवा, पण भिस्त त्यावर नको, गाडी कुठल्या वाडीत असेल सांगता येत नाही.

मायक्रोचिप लावा, पंधरा आकडी नंबर कुठेतरी लिहून ठेवा. पण गावात ती वाचायचं यंत्र कोणाकडे नाही. गळ्यातल्या पितळी बिल्ल्यावर कोरलेला मोबाइल नंबर दहापट कामाचा. बिल्ल्यावर कुत्र्याचं नाव नको, वाडीचं नाव घाला.

जांभा
साप आलाच विषयात म्हणून. जांभ्या दगडाच्या गडग्यात, रचलेल्या चिऱ्यांखाली, लाकडांच्या राशीत फुरसं असतं. टेम्पोतून उतरवलेली खोकी आठ-आठ दिवस पडवीत रचून ठेवायची नाहीत. घराभोवती चार-पाच फूट स्वच्छ पट्टा, पालापाचोळा नाही. कुत्र्याचं उरलेलं खाणं रात्री बाहेर नको, उंदीर येतात, उंदरांमागे नाग आणि घोणस.

गोठाडॉक्टर
चावल्याची शंका आली तर कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत. आवळून बांधू नका, कापू नका. फुरसं-घोणस असेल तर रक्त गोठत नाही. दवाखान्यात स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवतात, नळी तिरकी केल्यावर वाहिलं तर विष अंगात भिनलंय. हे कोणत्याही साध्या दवाखान्यात होतं, डॉक्टरांना आठवण करून द्या. सापाचा फोटो काढायला मागे थांबू नका.

गाबीत_वाडा
समुद्रावर नेणार असालच. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढल्यावर नको ते मासे वाळूत टाकून देतात, त्यात केंड असतो. पोट फुगलेला, पोपटासारखी चोच. त्याचं विष शिजवूनही जात नाही आणि त्याला उतारा नाही. लॅब म्हणजे वाळूत पडलेलं काहीही तोंडात घालणारी जात. तोंडाला जाळीचं मुसकं घालून न्या, नाहीतर 'सोड' म्हटल्यावर सोडायला शिकवून न्या. ओठ लुळे, मागचे पाय लटपटताहेत, असं दिसलं की वाट बघू नका, श्वास बंद पडायच्या आत दवाखाना. जेलीफिश आणि गळाचे हुक हेही तिथेच. मासळीच्या लिलावाची जागा टाळा. खारं पाणी प्याला की जुलाब, म्हणून पिण्याचं पाणी बरोबर न्या.

पाखाडी
वाडीचं राजकारण कोणी बोलत नाही, म्हणून बोलतो. शहरी कुत्र्याने शेजाऱ्याची कोंबडी मारली की पहिल्याच महिन्यात भांडण. पहिला महिना पट्ट्याशिवाय बाहेर नाही, अंगणातसुद्धा. वाडीतल्या कुत्र्यांशी ओळख गडग्याच्या दोन बाजूंनी, रोज त्याच वेळी, लांबून. आपलं कुत्रं पिंजऱ्यात किंवा साखळीने बांधलेलं असताना दुसरी आली तर चिडतं, ते टाळा.

आणि रात्री कुत्रा घरात. पडवीतही नाही. बिबट्या वाडीत येतो, साखळीने बांधलेला कुत्रा त्याला आयता.

शिमग्याला पालखी अंगणात येते, ढोल-ताशे दाराशी. त्या दिवशी लॅबला आतल्या खोलीत ठेवायचं आणि पालखीवाल्यांना सांगायचं, त्यात कोणी रागावत नाही.

मनीमाऊ_कोकण
पाखाडीदादांना +१. अंगणातली आणि परसातली झाडंही तपासा. कण्हेर, सायकस आणि पावसाळ्यात बांधावर उगवणारी कळलावी, तिघीही जीवघेण्या. मांजराला लिलीचे पराग अंगावरून चाटले तरी मूत्रपिंड जातं, तेव्हा फुलदाणीत लिली नको. काजूच्या दिवसांत बिया खळ्यात वाळत घालतात, कच्च्या बीच्या सालीतल्या तेलाने कुत्र्याचं तोंड भाजतं. घर बंद होतं म्हणजे कोपऱ्यात, माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे उंदराचं औषध नक्की टाकलेलं असणार. मांजरी आणायच्या आधी ते शोधून काढा, ज्याने ठेवलं त्याला विचारून.

खाडीपार
बाप रे. यादी करतोय. माशांचं कोणी सांगेल? बाकीचे सगळे मासे खाणारे दिसताहेत. :D

काचपेटी
मी आहे. टाकी पाण्यासकट उचलायची नाही, दोन इंच पाणी ठेवूनही नाही. सिलिकॉनचा जोड सुटतो आणि ते घरी पोचल्यावर कळतं. तुमची टाकी साधारण १२७ लिटरची, म्हणजे भरल्यावर दगड-काचेसह दीडशे किलोच्या पुढे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा जुन्या फळीच्या टेबलावर ठेवू नका. लेव्हल बघून, खाली अर्धा इंच थर्माकोल.

मासे: आदल्या दिवसापासून खाणं बंद. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा. अक्वेरियमवाल्याकडून ऑक्सिजन भरून घेतलात तर निवांत, नुसती हवा असेल तर सात-आठ तास ही हद्द. दुहेरी पिशवी, कोपरे रबराने बांधलेले, थर्माकोलच्या खोक्यात, एसी गाडीत. टेम्पोत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊन सुकवून नेणं. अमोनिया पचवणारे जिवाणू पाण्यात नसतात, स्पंजात आणि वाळूत असतात. स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून, झाकण सैल असलेल्या बादलीत न्या. वाळू ओलीच. पोचल्यावर मांजरी, सामान, चहा सगळं नंतर, आधी टाकी उभी करून फिल्टर चालू. पिशव्या वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी वाटीभर नवं पाणी आत. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. पहिला आठवडा खाणं निम्मं.

पाणी: जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ आणि आम्लधर्मी असतं. टेट्रा खूश, गप्पी आणि मॉली नाखूश. तिसऱ्यांच्या (खायच्या शिंपल्यांच्या) रिकाम्या शिंपल्या उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत मूठभर फिल्टरमध्ये ठेवा, कडकपणा हळूहळू चढतो. पीएच (आम्लता) आणि केएच (कार्बोनेटचा कडकपणा) मोजायची पट्टी दर चार दिवसांनी. विहीर खाडीकडे असेल तर मेमध्ये खारटही होते, चव घेऊन बघा.

आणि विहिरीला क्लोरीन नसतं असं समजू नका. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकून जातो, कधीकधी न सांगता. त्या आठवड्यात पाणी बदलायचंच नाही, किंवा दोन दिवस उघड्या पिंपात ठेवून, अँटीक्लोरीन घालून.

खाडीपार
लाईट गेली तर? जूनमध्ये तिकडे दोन-दोन दिवस नसते म्हणतात.

काचपेटी
वादळात त्याहूनही जास्त. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगडकडे दिवसचे दिवस वीज नव्हती. सेलवर चालणारा एअरपंप घ्या, दोन, आणि मोठे सेल डझनभर. हवेचा दगड (एअरस्टोन) न लावता स्पंज फिल्टरला जोडा, म्हणजे ऑक्सिजन आणि जिवाणू दोन्ही जगतात. लाईट नसताना खाणं शून्य. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर असेल तर पाच-सहा तासांनी लाईट आल्यावर तो तसाच चालू करू नका, आतलं कुजकं पाणी टाकीत येतं. आधी ते फेकून, स्पंज टाकीच्या पाण्यात खंगाळून, मग.

मनीमाऊ_कोकण
लाईटवरून आठवलं, कोरडं खाणं. पंधरा किलोची पोती स्वस्त पडते म्हणून आणू नका. पावसात उघडलेल्या पोत्यात तीन आठवड्यांत बुरशी धरते, आणि ती नेहमी डोळ्यांना दिसतेच असं नाही, यकृतावर जाते. तीन किलोची पाकिटं, मूळ पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा जमिनीपासून वर. मुंग्यांसाठी ताटाखाली पाण्याची परात. लॅब बाहेरून आला की बोटांच्या बेचक्या आणि कानाची आतली बाजू कोरडी पुसायची, नाहीतर आषाढात खाजवून लाल करतो.

खाडीपार
उद्या लेप्टोचा पहिला डोस घेतोय. विहिरीचा कठडा गुडघ्याएवढाच आहे, चुलत्यांना फोन केला, लोहार रविवारी माप घ्यायला येतोय. वळचणीची फट मोजायला सांगितली तर म्हणाले, "सहा इंच, आणि तिथे आधीच कोणाचं तरी मांजर व्यालंय."

मनीमाऊ_कोकण
मग जाळी पिल्लं उतरेपर्यंत थांबवा. चार आठवड्यांची झाली की आई स्वतः हलवते. तोवर तुमच्या दोघींची खोली त्या बाजूची नको, वासाने भिंतीवर मुतायला लागतील. आणि त्या आईला आताच पकडून नसबंदी करू नका, दूध तुटतं. पिल्लं दोन महिन्यांची झाल्यावर.